तोफ नको, आधी दुर्बीण!



आपल्या निसर्ग मंडळाला यंदा गॅदरिंगच्या शिल्लक निधीतून ६०,००० रुपये मिळायची चिन्हं आहेत. या पैशांचं काय करायचं यावर मेसमध्ये जेवढी चर्चा झाली, तेवढी मॅथ्स-थ्रीच्या पेपरवरही कधी झाली नसेल! सध्या बहुमत एका बाजूला आहे : एक मस्त, लांबलचक झूमवाला कॅमेरा घ्यायचा. मंडळाच्या नावाने फोटो काढायचे, प्रदर्शन भरवायचं, मॅगझिनच्या मुखपृष्ठावर आपलाच खंड्या झळकवायचा. कल्पना वाईट नाही. पण मी अल्पमतात आहे, आणि अल्पमताला मॅगझिनशिवाय दुसरं व्यासपीठ मिळत नाही. तेव्हा पाच मिनिटं ऐकून घ्या.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. या पैशांतून चार चांगल्या दुर्बिणी, एक स्कोप आणि एक दणकट ट्रायपॉड घ्यावा. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.

आधी मंडळाकडे आज काय आहे ते बघू. एक जुनी दुर्बीण आहे, जिचा डावा डोळा पावसाळ्यापासून आजारी आहे. सलीम अलींचं पुस्तक आहे, ज्यातली बदकांची पानं सुटी झाली आहेत. आणि माणसं आहेत. रविवारी पाषाण तलावावर किंवा वेताळ टेकडीवर जायचं म्हटलं की पंधरा-वीस जण सहज जमतात. आता साधा हिशोब करा. वीस माणसं, दोन तासांची फेरी, एक कॅमेरा. प्रत्येकाच्या वाट्याला ६ मिनिटं. तीसुद्धा कागदावर! प्रत्यक्षात ज्याच्या गळ्यात पट्टा, त्याचाच कॅमेरा. बाकीचे एकोणीस जण मागून विचारणार, "काय होतं रे? दाखव ना." आणि मग सगळे जण झाडाकडे पाठ करून तीन इंची स्क्रीनवर पक्षी बघणार. चार दुर्बिणी आणि एक स्कोप असला तर त्याच दोन तासांत प्रत्येकाला अर्धा तास मिळतो. जिवंत पक्षी, हलणारा, ओरडणारा, किडा पकडणारा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गेल्या हिवाळ्यात कवडीपाटच्या फेरीसाठी नावं लिहून घेताना फर्स्ट इयरच्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला, "कॅमेरा लागतो का?" लागत नाही म्हटल्यावर दोघं आले, तिसरा आलाच नाही. ज्याने आयुष्यभर शेतात टिटवी, वेडा राघू आणि भारद्वाज बघितलाय, त्याला पुण्यात येऊन वाटतं की पक्षी बघायला लाखाचं सामान लागतं. हा समज त्याच्या डोक्यात आला कुठून? रविवारी सकाळी नदीकाठी तोफा लावून बसलेल्या मंडळींकडे बघून. उद्या आपणही तीच तोफ घेऊन उभे राहिलो, तर तो तिसरा पुढच्या वर्षीही येणार नाही.

आता आपण इंजिनिअर (होऊ घातलेले का होईना), तेव्हा नुसत्या भावनेवर भागणार नाही. आकड्यांकडे वळू.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ याचा अर्थ आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी आहे. ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर आल्यासारखा दिसतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा : ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत आपल्या डोळ्यात शिरतो. तरण्या माणसाची बाहुली अंधुक उजेडात ५ ते ७ मिमी उघडते, म्हणजे पहाटेच्या प्रकाशाला ८×४२ अगदी मापात बसते. आता जत्रेत आणि फुटपाथवर मिळणारी २०×५० घ्या. ५० भागिले २० म्हणजे अडीच मिमी. पहाटे अंधार दिसणार. शिवाय पक्षी वीसपट मोठा तसा आपल्या हाताचा कंपही वीसपट मोठा. सकाळी पोहे खाल्लेले नसले तर विचारूच नका! म्हणून सांगतो, जास्त पट म्हणजे जास्त चांगलं, हा हिशोब इथे चालत नाही. हातात धरून बघायचं तर ८, फार तर १०. झूमवाली दुर्बीण आणि लाल चकाकीच्या काचांची दुर्बीण, दोन्हींना लांबूनच नमस्कार.

कमी पैशांत घ्यायची तर जुन्या पद्धतीची, खांद्यापाशी रुंद होणारी पोरो प्रिझमची घ्यावी. सरळ नळीसारखी दिसणारी रूफ प्रिझमची दुर्बीण हलकी, सुबक असते. पण तिची प्रिझम फार काटेकोर घासावी लागते आणि तिच्यावर खास लेप द्यावा लागतो, त्यामुळे स्वस्तात बनवली की चित्रात मार खाते. निकॉनची अक्युलॉन ८×४२ ही पोरो प्रकारातली, सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स ८×४२ रूफ प्रकारातली. अशी दुर्बीण ढोबळमानाने आठ-दहा हजारांत बसते. किमती दुकानागणिक आणि सणागणिक बदलतात, तेव्हा आकडा घासाघीस करण्यापुरताच धरा.

दुकानात गेल्यावर चार गोष्टी बघा. एक, दुर्बीण हात लांब करून उजेडाकडे धरा. आयपीसमध्ये उजेडाचा ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे. कडा कापल्यासारख्या, चौकटीसारख्या दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेची. बीके-७ काचेचा अपवर्तनांक १.५१७ आणि बीएके-४ चा १.५६९. फर्स्ट इयरला पाठ केलेलं संपूर्ण आंतरिक परावर्तन इथे कामाला येतं : अपवर्तनांक कमी असला की कडेचे तिरपे किरण परत फिरायच्या ऐवजी निसटून जातात. दोन, लांबच्या इमारतीची गच्ची बघा. एकाच्या दोन दिसल्या किंवा मिनिटभरात कपाळ दुखायला लागलं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. तीन, चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट बघावं. डोळा आयपीसपासून १५ मिमी किंवा जास्त लांब ठेवून पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे, आणि आपल्या कॉलेजात चष्मा नसलेला माणूसच शोधावा लागतो. चार, उजव्या डोळ्याची वेगळी चकती फिरते का बघा. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, मग डावा मिटून त्या चकतीने उजव्याला. हे न करता वर्षानुवर्षं धूसर पक्षी बघणारे लोक आहेत!

आता स्कोप. तलावाच्या पलीकडच्या काठावर चिखलात पळणारा छोटा पक्षी दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतो. तो चिखल्या आहे एवढं कळतं. पण डोळ्याभोवती पिवळं कडं आहे का, हे स्कोपशिवाय कळत नाही, आणि छोटा कंठेरी चिखल्या की त्याचा केंटिश भाऊ हे त्या कड्यावरच ठरतं. हिवाळी पाहुण्यांचा अर्धा आनंद असल्या भांडणांत असतो. स्कोपवर २०-६०×८० असं लिहिलेलं असतं, म्हणजे २० ते ६० पट झूम आणि ८० मिमीचं भिंग. ६० पटींच्या मोहात पडू नका. ८० भागिले ६० म्हणजे जेमतेम १.३ मिमीचा झोत. त्यात ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, आणि स्कोप पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करून दाखवतो. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर सकाळी उशिरा लांबचे रोहित बघा, पाण्यावर गुलाबी जिलेबी तळतंय असं वाटतं. २० ते ३० पटींवरच बहुतेक काम होतं.

स्कोप सरळ घ्यावा की कोनातला? आपल्यासारख्या टोळक्यासाठी कोनातला, म्हणजे आयपीस ४५ अंशांत वर वळलेला. ट्रायपॉड ठेंगण्या माणसाच्या मापाने लावायचा आणि उंचांनी वाकायचं. सरळ स्कोपमध्ये दर माणसागणिक उंची बदलावी लागते, आणि तोवर पक्षी उडून सोलापूरला पोचतो. दुसरा फायदा म्हणजे ट्रायपॉड बुटका राहतो, आणि बुटका ट्रायपॉड हलत नाही.

ट्रायपॉडवरच लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात. वीस हजारांचा स्कोप आणि त्याखाली हजाराचा काडीपैलवान! वारा आला की पक्षी नाचतो, आणि दोष स्कोपला. मेकॅनिकलवाल्यांनो, एसओएम आठवा. भरीव दांड्याचा व्यास निम्मा केला तर त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि कॅन्टिलिव्हरचं वाकणं लांबीच्या घनात वाढतं. ट्रायपॉडचा पाय पोकळ असतो, म्हणून आकडे थोडे बदलतात, पण धडा तोच. जाड पायांचा, कमी जोडांचा ट्रायपॉड घ्या. उंची पायांनी वाढवा, मधला दांडा शेवटपर्यंत खालीच ठेवा. त्या दांड्याला खालून आपली सॅक टांगा, फुकटात वजन मिळतं. वरचं डोकं व्हिडिओवाल्यांचं, लांब दांडीने सावकाश फिरणारं असावं. पोहणाऱ्या बदकामागे स्कोप फिरवायला गोळ्यावर फिरणारं डोकं त्रासदायक पडतं. पाच-सहा हजारांत कामचलाऊ दणकट माल मिळतो. आणि भिगवणच्या होडीत ट्रायपॉड नेऊच नका, होडीच हलत असते तिथे पाय रोवून काय उपयोग? तिथे टेलरकडून जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, त्यात दोन किलो राजमा भरा आणि काठावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. घरी परत आल्यावर राजमा शिजवता येतो, ट्रायपॉड शिजवता येत नाही.

हिशोब जमवू. चार दुर्बिणी साधारण ३२,००० ते ३६,०००, स्कोप १६,००० ते १८,०००, ट्रायपॉड ५,०००. साठ हजारांत बसतं. उरलेच तर मोबाइल स्कोपला जोडायचा क्लॅम्प घ्यायचा.

इथे बहुमतवाले म्हणतील, "बरोबर आहे, पण फोटोशिवाय पुरावा काय? उद्या काही वेगळं दिसलं तर कोण विश्वास ठेवेल?" प्रश्न रास्त आहे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. रानपिंगळा १८८४ नंतर खात्रीने कुणाला सापडला नव्हता. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले जुने नमुने तपासले, त्यातल्या कुठल्या नोंदी खोट्या आहेत ते शोधून काढलं, आणि मग नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्याबरोबर शहाद्याजवळ पोचल्या. तिथे ११३ वर्षांनी रानपिंगळा दिसला. त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं, फोटो काढले, आणि जगाने मान्य केलं. कॅमेरा नसता तर वाद राहिलाच असता. कबूल! पण क्रम बघा. नेहमीच्या पिंगळ्यापेक्षा हा वेगळा आहे हे आधी डोळ्यांना कळलं, कारण त्या डोळ्यांनी आधी कित्येक नमुने बारकाईने बघितले होते. कॅमेऱ्याने त्यावर शिक्का मारला. ज्याला पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक ठाऊक नाही, त्याच्या कॅमेऱ्यात रानपिंगळा आला तरी तो 'एक घुबड' म्हणून हार्ड डिस्कमध्ये पडून राहील.

आणि पुराव्यापुरता फोटो आपल्या स्कोपमधूनही मिळतो. आयपीसला मोबाइल लावून फोटो काढायचा, याला डिजिस्कोपिंग म्हणतात. कडा काळ्या येतील, प्रदर्शनात लावता येणार नाही, पण पिवळं कडं दिसेल. ओळखीला तेवढं पुरे.

तरी कुणाला स्वतःच्या पैशांनी कॅमेरा घ्यायचाच असेल तर माझं काही म्हणणं नाही, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. न सुटणाऱ्या भिंगाचे, प्रचंड झूमचे ब्रिज कॅमेरे ओळख पटवायला उत्तम. निकॉनचा पी-९०० (२०१५) ८३ पट झूमचा, म्हणजे २००० मिमीच्या तोडीचा. पी-१००० (२०१८) १२५ पट, ३००० मिमीच्या तोडीचा. पण हा 'तोडीचा' शब्द नीट वाचा. पी-१००० चं खरं फोकल लेंग्थ ५३९ मिमी आहे आणि सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद. त्यावर १६ मेगापिक्सेल बसवल्यावर एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा होतो. शेवटच्या टोकाला अ‍ॅपर्चर एफ ८. तिथे हिरव्या प्रकाशाची एअरी डिस्क भरते सुमारे १०.७ मायक्रॉन, म्हणजे एक बिंदू आठ पिक्सेलांवर पसरतो. भिंग कितीही चांगलं असलं तरी हे चुकत नाही, हा निसर्गाचा नियम आहे आणि त्याला वॉरंटी लागू नाही. भर उन्हात सुरेख, पहाटेच्या झाडीत दाणेदार, असं त्याचं वागणं गृहीत धरा.

दुसरा मार्ग जुना डीएसएलआर आणि ५५-२५० मिमीचं भिंग. १० मीटरवरचा १० सेंमीचा शिंजीर २५० मिमीच्या भिंगातून सेन्सरवर अडीच मिमीचा उमटतो. सेन्सर २२ मिमी रुंद, म्हणजे चित्राच्या नवव्या हिश्श्याएवढा. मुखपृष्ठ होणार नाही, पण कापून मोठा केला की नर-मादी ओळखता येते. जुना घेताना भिंगातून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. घेतल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, पावसाळ्यात हॉस्टेलच्या भिंतींना काय होतं ते आपण बघतोच. आणि कृपा करून हप्त्यांवर घेऊ नका. घरून मेसचे म्हणून आलेले पैसे हप्त्यात जाताना मी बघितले आहेत. त्या कॅमेऱ्यातून पक्षी कमी आणि कर्ज जास्त दिसतं.

आणखी एक मुद्दा, थोडा कडू. दुर्बीण माणसाला लांब उभं राहायला शिकवते, कॅमेरा जवळ जायला लावतो. फ्रेम भरायची म्हणजे आणखी दोन पावलं पुढे. मग घरट्यासमोरची फांदी बाजूला करायची, मोबाइलवर आवाज वाजवून नवरंगाला बाहेर काढायचं, रात्री पिंगळ्याच्या डोळ्यांत फ्लॅश मारायचा. हे सगळं टेकड्यांवर चालतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं, हे किती जणांना माहीत आहे? बंदूक नसली तरी शिकार होऊ शकते. सगळे फोटोवाले असं वागत नाहीत, चांगले फोटोग्राफर तर आपल्यापेक्षा जास्त जपून वागतात. पण ते जपणं आधी बघण्यातून आलेलं असतं. पक्षी अस्वस्थ झालाय हे ज्याला कळतच नाही, त्याच्या हातात पहिली वस्तू कॅमेरा नसावी.

शेवटी व्यवस्थेचं. सामान मंडळाचं असलं की कुणाचंच नसतं, हा आपला राष्ट्रीय अनुभव! म्हणून माझी सूचना अशी. लॅबमध्ये व्हर्नियर इश्यू करतात तसंच रजिस्टर ठेवायचं. आय-कार्ड जमा, सही, वेळ. परत करताना काचा तपासून दुसरी सही. रुमालाने, शर्टाने काच पुसणाऱ्याला एक आठवडा बंदी. सामान एखाद्या सरांच्या किंवा मॅडमच्या कपाटात, किल्ली दोघांकडे. दर फेरीची यादी वहीत उतरवायची आणि ई-बर्डवर टाकायची. म्हणजे फेब्रुवारीतल्या कॅम्पस पक्षिगणनेला आपल्याकडे दाखवायला काहीतरी असेल. आपल्याच कॅम्पसमध्ये तांबट, हळद्या, शिक्रा, राखी धनेश आहेत, फक्त कुणी मोजलेले नाहीत.

आणि हे वाचणाऱ्या स्टाफला, विशेषतः रेक्टर मंडळींना एक विनंती. पक्षी साडेसहाला जागे असतात. मुलींच्या हॉस्टेलचं गेट त्यानंतर उघडतं. चार दुर्बिणी आल्या आणि निम्मं कॉलेज गेटच्या आतच राहिलं, तर निधी अर्धा वाया गेला म्हणायचा. रविवारपुरती, नावांची यादी घेऊन, गेटची वेळ अलीकडे आणता येणार नाही का? याला तर एक रुपयाही खर्च नाही.

पुढच्या बुधवारी मंडळाची बैठक आहे, जेवणानंतर, कॉमन रूममध्ये. हात वर करायच्या आधी एवढंच आठवा : साठ हजारांत एकाला फोटोग्राफर करायचं की वीस जणांना पक्षी दाखवायचे? मी माझा हात कुठे वर करणार ते तुम्हाला कळलंच आहे. आणि तो फर्स्ट इयरचा तिसरा मुलगा, जो आला नाही, त्यालाही कुणीतरी बैठकीला घेऊन या. त्याचं मत मोजायला हवं.